आठ महिने ‘प्रीचर’च्या सहवासात: सहा खंड आणि दोन वाचने

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये ‘प्रीचर’ या ग्राफिक नॉव्हेल मालिकेचे सहा खंड एकदम मागवले. विक्रेत्याने तिसऱ्या खंडाऐवजी दुसराच खंड पुन्हा पाठवला आणि तो बदलून मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तेव्हा चिडचिड झाली होती, पण या सक्तीच्या विश्रांतीचा माझ्या वाचनावर झालेला परिणाम पुढे सांगण्याजोगा आहे. पहिले वाचन नोव्हेंबरात संपले, दुसरे फेब्रुवारीत सुरू करून एप्रिलमध्ये पूर्ण केले. हे लिखाण त्या दुसऱ्या वाचनानंतरचे आहे आणि त्यात कथेतील एक महत्त्वाचे वळण उघड होते; ज्यांना ते आधी कळू नये असे वाटते त्यांनी येथेच थांबावे. (माझ्या भाच्यालाही हे वाचू नकोस असे बजावले आहे.)

मालिकेचे लेखक गार्थ एनिस हे उत्तर आयर्लंडचे आणि चित्रकार स्टीव्ह डिलन हे इंग्लंडचे. असे असूनही कथा मात्र नखशिखांत अमेरिकन आहे. टेक्सासमधल्या अ‍ॅनव्हिल नावाच्या गावातील जेसी कस्टर हा श्रद्धा आटलेला धर्मोपदेशक. देवदूत आणि सैतानी स्त्री यांच्या संबंधातून जन्मलेली ‘जेनेसिस’ नावाची शक्ती स्वर्गातून निसटून त्याच्या अंगात शिरते आणि त्या क्षणी चर्चमध्ये जमलेला सारा गाव जळून खाक होतो. आता जेसी ज्या विशिष्ट आवाजात आज्ञा देईल ती ऐकणाऱ्याला पाळावीच लागते. जेनेसिसचा जन्म होताच देव सिंहासन सोडून पळून गेला आहे, हे कळल्यावर जेसी त्याला शोधून जाब विचारायला निघतो. सोबतीला त्याची जुनी प्रेयसी ट्यूलिप आणि आयरिश व्हॅम्पायर कॅसिडी. 1995 ते 2000 या काळात डीसी कॉमिक्सच्या प्रौढांसाठीच्या व्हर्टिगो या शिक्क्याखाली मुख्य मालिकेचे 66 अंक निघाले आणि 1999 मध्ये सर्वोत्कृष्ट सलग मालिकेचा आयस्नर हा कॉमिक्स-क्षेत्रातला मानाचा पुरस्कार तिला मिळाला. इतकी पार्श्वभूमी पुरे.

या मालिकेबद्दल वाचकांचे बहुतेक वाद देवनिंदेभोवती फिरतात. मला स्वतःला तो भाग पहिल्या वाचनात जितका धीट वाटला तितका दुसऱ्या वाचनात वाटला नाही. यातला देव प्रेमासाठी हपापलेला, लहरी आणि भेकड आहे, आणि हे एकदा कळले की त्याच्याविषयी नव्याने सांगण्यासारखे लेखकाजवळ फारसे उरत नाही. माझा वसईचा एक ख्रिस्ती मित्र चार खंड वाचून म्हणाला की त्याला राग आला नाही, उलट थोडा कंटाळा आला. कारण हे भांडण देवाशी नसून घर सोडून गेलेल्या बापाशी आहे. त्याचे म्हणणे मला पटले. जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या लहानपणापासून कानांवर पडलेल्या मराठी वाचकाला देवाला धारेवर धरण्याचे अप्रूप तसेही कमीच असते. फरक एवढाच, की जनाबाईच्या शिव्यांत विठ्ठल अगदी शेजारी उभा असतो. इथे ज्याला जाब विचारायचा तो सतत दूर पळतो आहे.

विनोदाबद्दल मात्र तक्रार आहे, आणि ती वाढत गेली. हेर स्टार हा ख्रिस्ताचा वंश जपणाऱ्या गुप्त संघटनेचा थंड डोक्याचा अधिकारी. सुरुवातीला तो खरोखर भीतिदायक आहे. पुढे त्याचा एकेक अवयव जातो, त्याची एकेक विटंबना होते आणि प्रत्येक वेळी आपण हसावे अशी अपेक्षा असते. तिसऱ्या-चौथ्या वेळी हसू येत नाही. समलिंगी लोकांवरचे आणि विकृत लैंगिकतेवरचे विनोद तर आज सरळ शिळे वाटतात; त्या काळी सगळेच असे लिहीत होते, हा बचाव मला मान्य नाही, कारण याच लेखकाने याच पानांत वंशद्वेषाची टर किती नेमकी उडवली आहे हे दिसतेच. पाचव्या खंडातील मांस-कारखान्याच्या मालकाचे प्रकरण तर मी दुसऱ्यांदा वाचताना चाळून सोडून दिले. याउलट रॉक गायक कर्ट कोबेनच्या मृत्यूनंतर स्वतःवर गोळी झाडून चेहरा विद्रूप करून घेतलेला मुलगा, ज्याला सगळे एका अश्लील टोपणनावाने हाक मारतात, तो केवळ विनोदाचा विषय राहील असे वाटले होते. पण त्याच्यातला भाबडेपणा अखेरपर्यंत टिकतो. बावीस वर्षांच्या माझ्या भाच्याला पहिल्या खंडात तोच सर्वांत जास्त आवडला, याचे मला आश्चर्य वाटले आणि थोडे बरेही वाटले.

डिलनच्या चित्रांविषयी वाचकांचे दोन तट पडतात. सगळे चेहरे सारखे, पार्श्वभूमी रिकामी, असा एक आक्षेप असतो आणि तो खोटा नाही. ओठ आणि नाके खरोखरच एका साच्यातली आहेत. ग्लेन फॅब्री यांची रंगवलेली मुखपृष्ठे, ज्यांत घामाचा थेंबन् थेंब आणि कातडीचे छिद्रन् छिद्र दिसते, ती पाहून आतले पान उलटले की क्षणभर फसवणूक झाल्यासारखे वाटते. परंतु मुख्य मालिकेचे सर्वच्या सर्व 66 अंक डिलन यांनीच काढले आहेत, आणि त्यांची खरी हुकमत मारामारीत नाही, बोलण्यात आहे. टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली दोन माणसे, हातात ग्लास, आणि चार पाने नुसता संवाद: एवढ्या भांडवलावर ते वाचकाला खिळवून ठेवतात. भुवई किंचित वर जाते, पुढच्या चौकटीत नजर खाली वळते, आणि संवादात नसलेले काहीतरी कळून जाते. तिसऱ्या खंडात सेंट ऑफ किलर्स या अमर बंदूकबाजाची पूर्वकथा येते. ती मुख्य मालिकेबाहेरची, इतर चित्रकारांनी काढलेली आहे आणि दिसायला भरघोस आहे, तरी ती वाचताना मला डिलनच्या त्या साध्या चेहऱ्यांची उणीव भासली.

ट्यूलिपच्या बाबतीत माझ्या पत्नीचे मत माझ्यापेक्षा कडक आहे. ट्यूलिप तिघांत सर्वांत अचूक नेमबाज आहे, तिची जीभ तितकीच तेज आहे, आणि तरीही संकटाची वेळ आली की जेसी तिला ‘जपण्यासाठी’ मागे ठेवून निघून जातो. आधी फ्रान्समध्ये आणि पुन्हा अखेरच्या टप्प्यावर. लेखकाला हे चूक आहे हे कळते, ट्यूलिप त्यावरून संतापतेही, मग त्याच चुकीवर कथा पुन्हा पुन्हा का उभी करायची, असा पत्नीचा प्रश्न आहे. मी जेसीच्या बालपणाकडे बोट दाखवले: डोळ्यांदेखत मारला गेलेला बाप, नातवाला शवपेटीत कोंडून पाण्याखाली सोडणारी आजी, आणि मर्दानगीचे धडे द्यायला मनात वसलेला काउबॉयपटांचा नायक जॉन वेन. त्यावर ती म्हणाली की हे कारण झाले, उत्तर नव्हे.

आता त्या तीन आठवड्यांविषयी. दुसऱ्या खंडाच्या शेवटी, न्यूयॉर्कच्या एंपायर स्टेट बिल्डिंगवर, कॅसिडी जेसीला आपली जीवनकथा सांगतो: 1900 चा जन्म, ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेल्या 1916 च्या ईस्टर उठावात भावासोबत घेतलेली बंदूक, व्हॅम्पायर होणे, बोटीने अमेरिकेला येणे. संपूर्ण मालिकेतला तो सर्वांत मायेने लिहिलेला भाग आहे. पुढचा खंड हाती नसल्यामुळे मी तो तीनदा वाचला आणि कॅसिडीच्या प्रेमात पडलो. मित्र असावा तर असा, हेच मनात घेऊन मी पुढचे खंड उघडले. म्हणूनच जेसी मेला असे समजून खचलेल्या ट्यूलिपला तो दारूच्या आणि गोळ्यांच्या धुंदीत स्वतःजवळ ठेवतो, आणि पुढे त्याला पूर्वी ओळखणाऱ्या लोकांकडून त्याचे खरे चरित्र जेसीला कळू लागते, तेव्हा मला तो धक्का स्वतःच्या मित्राने दिल्यासारखा बसला. ज्या बायांनी त्याच्यावर विश्वास टाकला त्यांना त्याने मारले, व्यसनी केले, सोडून दिले. देवदूत, सैतान, नरभक्षक या सगळ्या गर्दीत सर्वांत काळोखी गोष्ट ही निघाली, आणि तिच्यात अलौकिक असे काहीच नाही.

दुसऱ्या वाचनात मी तो गच्चीवरचा भाग निराळ्या नजरेने वाचला. त्यात खोटे काही नाही. परंतु संपूर्ण कथा फक्त कॅसिडी सांगतो. दुसऱ्या कोणाचीही साक्ष तिथे नाही. एवढ्या वर्षांत त्याच्या आयुष्यात आलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे जेसी विचारत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण गोष्ट रंगलेली असते. त्याआधी, पहिल्याच खंडात, न्यूयॉर्कमधला त्याचा जिवलग मित्र प्रत्यक्षात कोण निघतो हेही आपण वाचलेले असते, तरी त्यावरून कॅसिडीच्या संगतीविषयी कोणताही निष्कर्ष आपण काढत नाही. ट्यूलिपला मात्र तो पुढे दारूच्या नशेत प्रेमाची कबुली देतो आणि ती भडकते, तेव्हा मी पहिल्या वेळी मनातल्या मनात त्याचीच बाजू घेतली होती. ही कबुली लिहिताना मला अजूनही संकोच वाटतो.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली म्हणजे हे खंड केवळ प्रौढांसाठी आहेत. घरात कॉमिक दिसले की उचलणारी मुले असतील तर ते वरच्या फळीवर ठेवावेत, कारण यातली हिंसा ओझरती नाही. दुसरी गोष्ट टीव्ही रूपांतराविषयी: 2016 ते 2019 दरम्यान आलेली चार हंगामांची टीव्ही मालिका पाहून पुस्तकांचा अंदाज बांधू नये. पुस्तकात जे गाव पहिल्याच अंकात संपते, तिथेच टीव्ही मालिका पहिला संपूर्ण हंगाम घालवते. रस्त्यावरच्या प्रवासाचा जो वेग पुस्तकात आहे, तो तिथे उशिरा आणि तुकड्यांत येतो.

भाचा सध्या दुसऱ्या खंडाच्या शेवटाला पोहोचला आहे. परवा त्याचा फोन आला होता. कॅसिडी त्याला फारच आवडला आहे, आणि तिसरा खंड कधी देतोस, असे विचारत होता. मी तीन आठवड्यांनी देतो म्हणालो.