गिअर टाकला की गाडी बंद : उद्यमनगरातल्या मिस्त्रींचा अनुभव

गाडी एका सेल्फमध्ये स्टार्ट व्हायची. ब्रेकवर पाय ठेवून लिव्हर पीवरून (पार्किंग) डीवर (ड्राइव्ह) आणला, की आरपीएमचा काटा खाली यायचा, बॉनेट थरथरायचं आणि इंजिन बंद. रिव्हर्सला टाकलं तरी तेच. एसी लावलेला असला तर हमखास.

गाडी सतरा वर्षांची जुनी सेडान, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद गिअरबॉक्सला पोचवणारी. डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबणं जमेना, म्हणून सेकंडहँड घेतलेली. आमच्या ह्यांना आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं. रिक्षात चढता-उतरताना त्यांचे हाल होतात, त्यामुळे ही गाडी म्हणजे आमच्या घराचे पाय आहेत.

आधी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दाखवली. तिथल्या मुलानं एकदा डीमध्ये टाकली, बंद पडली, आणि ‘गिअरबॉक्स उतरवायला लागणार, 65,000 धरून चाला’ असं सांगितलं. बॉनेट उघडलंच नाही. मी घरी येऊन एफडीचे कागद काढून बसले होते.

पुढचे दोन आठवडे मी ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायची आणि मग डी टाकायची. असं कुणीही करू नका. गाडी झेप घेते, समोर माणूस असला तर काय होईल सांगता येत नाही, शिवाय गिअरबॉक्सला दणका बसतो तो वेगळाच. एकदा टाकाळ्याच्या उतारावर रिव्हर्स घेताना इंजिन बंद पडलं. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, नंतर पेडल दगडासारखं होतं. हे शेजारी बसलेले, त्यांना पटकन उतरताही येत नाही. हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. दुसऱ्या दिवशी धाकट्या दिरांना बरोबर घेऊन कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर गाठलं.

दोन शटरचं गॅरेज, शेजारी लेथची घरघर, बसायला एक लाकडी बाक. मिस्त्री साठीचे असतील. पाना हातात घेण्याआधी त्यांनी पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारले. गार असताना होतंय का तापल्यावर? डी आणि आर दोन्हीला? एसी लावल्यावर जास्त?

मग मला म्हणाले, “ताई, बसा आत. न्यूट्रलातच ठेवा. आता ब्रेक दाबा.”

दाबला. काटा होता तिथंच.

“म्हणजे ब्रेकचा बूस्टर, पेडल हलकं करणारा डबा, हवा खाईना. आता एसी लावा.”

एसीचं बटण दाबलं आणि काटा पाचशेवरून धपकन खाली. इंजिन दोन आचके देऊन बंद. पुन्हा स्टार्ट करून एसी बंद ठेवला आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून धरायला लावलं, तर परत तसंच गुदमरलं.

“बघा, गिअरला हातबी लावला न्हाई आणि गाडी बंद पडली. मग गिअरबॉक्सवर आळ कशाला?”

मला त्या क्षणी रडू यायचं बाकी होतं. मी रोज ब्रेक दाबून गिअर टाकत होते, बहुतेक वेळा एसी लावूनच. सगळं एकदम घडत होतं, आणि दिसत होता फक्त गिअर. या माणसानं एकेक गोष्ट सुटी करून पाहिली.

त्यांनी समजावलं ते असं : डीमध्ये टाकलं की गाडी उभी असली तरी इंजिनला कन्व्हर्टरमधलं तेल ढकलावं लागतं. ते ओझं पेलायला आयडलिंगची, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू राहायला लागणारी हवा थोडी वाढावी लागते. ती वाट काजळीनं बुजली, की इंजिन कुठलंही ओझं घेत नाही, मग ते गिअरचं असो, एसीचं असो वा स्टिअरिंगच्या पंपाचं. कन्व्हर्टरचं लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) अडकलं असतं तरी गिअरला टाकल्यावर गाडी बंद पडली असती, पण न्यूट्रलमध्ये काही झालं नसतं. तरी खात्रीसाठी गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून पांढऱ्या फडक्यावर पुसून दाखवली. तेल लालसर, जळका वास नाही.

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनला हवा सोडणारा भाग, सोडवली तेव्हा आतला पितळी रंगाचा फ्लॅप कडेनं काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा. आयडल व्हॉल्व्हचं टोक काजळीत रुतलेलं. क्लीनर मारून मऊ ब्रशनं साफ करायला त्यांना तासभर लागला. जोडून झाल्यावर हवा कुठून चोरून आत शिरतेय का हे बघायला चालू इंजिनवर व्हॅक्यूमच्या पाइपांवर जपून थोडा थोडा स्प्रे मारत गेले. एका वाकणापाशी इंजिनचा आवाज बदलला. तिथं रबराला नखाएवढी चीर होती. तो पाइप बदलला. मग बॅटरीचं टर्मिनल थोडा वेळ काढून परत लावलं आणि एसी, लाइट सगळं बंद ठेवून ॲक्सिलरेटरला पाय न लावता दहा मिनिटं गाडी नुसती चालू ठेवली. इंजिनच्या कॉम्प्युटरला हवेचा नवा अंदाज शिकू द्यायचा म्हणाले. काटा साडेसातशेवर येऊन थांबला.

बिल 1,850 रुपये, पाइपासकट. जुना पाइप पिशवीत घालून दिला.

मी वाट बघत असताना शेजारी एक मॅन्युअल व्हॅन आली होती. क्लच पूर्ण दाबूनही पहिला टाकला की पुढं आचका देऊन बंद. तिचं दुखणं निराळं निघालं : क्लच सुटतच नव्हता, तेलाच्या दाबानं क्लच सोडवणारा खालचा स्लेव्ह सिलिंडर गळत होता. मॅन्युअलवाल्यांनी आधी तिकडं बघावं.

तक्रार म्हणाल तर आहे. फोन ते उचलत नाहीत, छापील बिल मिळत नाही आणि एका वेळी एकच गाडी हातात घेतात, त्यामुळे माझा अख्खा दिवस गेला. बायकांना बसायला, जायला नीट सोय नाही, ती करायला हवी आणि मी ते त्यांना तोंडावर सांगून आले. नाव-नंबर कुठं टाकू नका म्हणाले, म्हणून इथं लिहीत नाही. सोमवारी गॅरेज बंद असतं.

याला आता दोन महिने झाले. परवा भर उन्हात एसी लावून ताराराणी चौकातल्या सिग्नलला डीमध्ये उभी होते. ह्यांनी काट्याकडं बोट दाखवलं. तो हलत नव्हता.