कोल्ट की रेमिंग्टन? काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर घेण्याआधी

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा नाद लागला की आज ना उद्या मन तिथंच येऊन अडतं: त्या काळच्या नमुन्याबरहुकूम बनवलेलं एखादं ठासणीचं रिव्हॉल्व्हर आपणही घ्यावं. मग प्रश्न येतो कोल्ट की रेमिंग्टन. दुकानात चर्चा चालते ती दिसण्यावर आणि हातात कसं बसतं त्यावर. माझ्या मते निवड करावी ती रेंजवरच्या तिसऱ्या फैरीनंतर (फैर म्हणजे सिलिंडर एकदा भरून रिकामा करणं) काय होतं आणि घरी आल्यावर सिंकपाशी किती वेळ जातो, यावर. हौसेपुरता नेम दोन्हींनी लागतो.

त्याआधी पितळेचा विषय मिटवून टाकू. कॅटलॉगमध्ये सगळ्यात स्वस्त असतं ते पिवळ्याधमक फ्रेमचं मॉडेल. त्याला इतिहास आहे, नाही असं नाही. दक्षिणेकडे पोलादाची चणचण होती, म्हणून जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसन कारखान्यानं कोल्टच्या धर्तीवर पितळी फ्रेमची .३६ ची (हे नळीचं माप, इंचांत) रिव्हॉल्व्हर काढली. पण आज जी पितळी विकली जातात त्यातली बरीचशी .४४ ची असतात आणि पितळ पडलं मऊ. भरपूर दारू घालून बार काढत राहिलं की गोळ्या भरायचा फिरता सिलिंडर मागं आदळून फ्रेमवर आपला ठसा उमटवतो, हळूहळू सांधा ढिला पडतो. हलक्या बारावर ते वर्षानुवर्षं टिकेल, भिंतीवर तर शोभेलच. वापरायला घेत असाल तर मात्र पोलादी फ्रेमच घ्या.

आता कोल्ट. १८५१ चं नेव्ही (.३६) आणि १८६० चं आर्मी (.४४) ही दोन नावं सगळ्यांच्या तोंडी असतात. दोघांनाही सिलिंडरच्या वर पट्टी नाही. फ्रेममधून एक जाड दांडा पुढं येतो, त्यावर सिलिंडर फिरतो, त्याच्याच टोकावर नळी बसते आणि आडव्या ठोकलेल्या पाचरीनं सगळं आवळलं जातं. घोडा अर्धा ओढायचा, लाकडी किंवा नायलॉनच्या हातोडीनं पाचर हळूच ठोकून सरकवायची, नळीखालच्या भरणीच्या दांडीनं (गोळी आत दाबायची ती) सिलिंडरला रेटा द्यायचा की नळी सुटते. नळी, सिलिंडर आणि फ्रेम असे तीन तुकडे हातात येतात. त्या दांड्यावर आटे पाडल्यासारख्या खाचा असतात. त्यांत वंगण धरून राहतं, म्हणून काजळी साचली तरी कोल्ट बराच वेळ मोकळं फिरतं. सिलिंडरवर कोरलेलं चित्र १८४३ च्या कँपीचीच्या आरमारी लढाईचं, टेक्सासच्या नौदलाचं. धुताना ते न्याहाळत बसायचा मोह होतो.

खोड्याही आहेतच. उडालेल्या टोपीचे (घोडा आदळला की ठिणगी देणारी तांब्याची छोटी टोपी) तुकडे घोड्याच्या खाचेत पडतात आणि यंत्र अडतं. घोडा ओढताना नळी आभाळाकडे केली तर ते बाहेर गळून पडतात. मागची माशी म्हणजे घोड्यावरचीच खाच, आणि जवळच्या अंतरावर बार बहुधा वर लागतो. सगळ्यात मोठी भानगड पाचरीची. उबर्टी कंपनीनं बनवलेल्या कोल्टच्या नकलेत दांडा नळीतल्या भोकाच्या तळाला टेकत नाही, अशी तक्रार जुनी आहे. मग पाचर जितकी आत ठोकाल तितकी नळी मागं येते आणि सिलिंडर घासायला लागतो. तळाशी मापाची चकती बसवली की हा दोष जातो, पण ते काम जाणकार कारागिराकडूनच करून घ्यावं. दुसरी कंपनी पिएट्टा, तिच्या अलीकडच्या कोल्टमध्ये ही कटकट सहसा नसते. दोन्ही कंपन्या इटलीत ब्रेशिया भागातल्या. उबर्टीला चार पैसे जास्त पडतात आणि घडाई जरा नाजूक असते.

रेमिंग्टनला लोक १८५८ म्हणतात, ते नळीवर छापलेल्या पेटंटच्या तारखेमुळं. न्यू मॉडेल आर्मी बाजारात आलं युद्ध ऐन भरात असताना. फ्रेम अखंड, वर भक्कम पट्टी, पाचरीची भानगडच नाही. दांडी खाली करा, सिलिंडर ज्यावर फिरतो ती पिन पुढं ओढा, सिलिंडर बाजूनं बाहेर. दोन निपलांच्या (टोपी बसते त्या सिलिंडरमागच्या पोकळ बोंड्या) मधे घोडा टेकवायला खाच असते, ही मोठी सोय. पण पिन बारीक असते आणि तिच्यावर कोल्टसारख्या वंगणाच्या खाचा नसतात. दोन-तीन फैरी झाल्या की काजळीनं सिलिंडर जड होतो. ओल्या फडक्यानं त्याचं तोंड पुसून पिनला चरबी लावली की पुन्हा चालतो.

भरण्याची पद्धत दोन्हींची सारखीच. .४४ ला .४५१ किंवा .४५४ ची मऊ शिशाची गोळी लागते. ती मुद्दाम किंचित मोठी असते, म्हणून दांडी दाबताना कडेनं शिशाची बारीक कडी कातरून निघते. कडी अखंड निघाली म्हणजे घर (सिलिंडरमधलं दारू-गोळीचं भोक) घट्ट बंद झालं. ठिणगी शेजारच्या घरात शिरू नये म्हणून गोळीखाली वंगणाचा वॉशर किंवा वर चरबी आणि निपलावर घट्ट बसणारी टोपी, यांत हयगय नको. दारू किती घालायची ते कंपनीच्या पुस्तिकेतच पाहावं. आणि आधुनिक धूरविरहित दारू चिमूटभरही घालायची नाही. रिव्हॉल्व्हर हातातच फुटेल.

आता सिंक. काळ्या दारूत सुमारे ७५ भाग सोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळाल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागं राहतं आणि त्यातले क्षार हवेतली ओल ओढतात. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात हत्यार रात्रभर तसंच ठेवलं तर सकाळी गंजाची तांबूस साय दिसायची. म्हणून त्याच दिवशी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. पाणी शाईसारखं काळं होतं आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. निपल काढून वेगळे घासायचे, सगळं खडखडीत वाळवायचं, मग तेल. नेमबाजी चालू असताना मात्र खनिज तेल नको, त्याचं डांबर होतं. तेव्हा मेण-चरबीच बरी. काळ्या दारूऐवजी पायरोडेक्स ही तयार पर्यायी दारू वापरली म्हणून धुण्यातून सुटका नाही, तेही गंजवतं.

खरा फरक इथंच पडतो. कोल्टची नळी सुटी होते, ती बादलीत बुडवली तरी फ्रेमला पाणी लागत नाही. रेमिंग्टनची नळी आणि फ्रेम एकच, म्हणून पाणी हमखास यंत्रात उतरतं. मुठीच्या फळ्या काढून आतली स्प्रिंग, चाप सगळं वाळवून तेलवावं लागतं. रेंजवर सहा-सात फैरी काढायच्या असतील आणि धुणं लवकर उरकायचं असेल तर मी पिएट्टाचं १८६० आर्मी घेईन. पाचर सांभाळायचा कंटाळा असेल, महिन्यातून एकदा तासभर खेळायचं असेल, तर पोलादी रेमिंग्टन, कंपनी कुठलीही.

कायद्याचं म्हणाल तर १९६८ च्या फेडरल कायद्यात ही रिव्हॉल्व्हर पुरातन हत्यारांत धरतात, त्यामुळे बऱ्याच राज्यांत ती घरपोच येतात. न्यू जर्सीत मात्र इतर पिस्तुलांसारखाच खरेदी परवाना लागतो, आणि तिथं आपली माणसं थोडीथोडकी नाहीत. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर राज्याचा कायदा वकिलाकडून तपासून घ्या. काडतुसांचा सिलिंडर बसवलात की फेडरल कायद्याची ती सूटही जाते. भारतात अशी सूट नाही. कोकणात शेतीच्या राखणीच्या ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, तेव्हा येताना सामानात आणायचा विचार सोडा.

जुनं घेणार असाल तर निपल निघतात का ते आधी पाहा. गंजून बसलेले निपल म्हणजे मालकानं बाकीचंही धुतलेलं नसणार. नळीत बॅटरी मारा, घोडा सावकाश ओढून प्रत्येक घर नळीसमोर येऊन खटक्यानं थांबतंय का ते तपासा. कोल्टची पाचर अंगठ्यानं ढकलल्यावर सहज निघत असेल, तर भाव पाडून मागा.