असिस्ट डॉट ओआरजी: जीपीए घसरल्यावर विद्यापीठ बदलायचं असेल तर

पहिल्या वर्षाच्या शेवटी ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) दोन एफ म्हणजे दोन विषयांत नापास, जीपीए म्हणजे ग्रेडची चारपैकी सरासरी २.० आणि हातात प्रोबेशनचं, म्हणजे ग्रेड सुधारा अशा ताकिदीचं, पत्र. कॅलिफोर्नियात असं झालं की घरात पहिला प्रश्न निघतो, "आता दुसरीकडे घेतील का?" फ्रीमाँट-सनीव्हेलकडच्या मराठी घरांतही तोच निघतो. पण त्याआधी सोडवायचा प्रश्न वेगळा आहे: यापुढचा प्रत्येक विषय कुठे घ्यायचा आणि कोणता घ्यायचा? विषय चुकले तर पुढच्या वर्षभरात ए मिळवूनही अर्ज अडतो. विषयांची ही निवड ज्यावर बेतायची ते साधन म्हणजे असिस्ट डॉट ओआरजी.

कॅलिफोर्नियातली सरकारी कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांची, जिथे विषय करून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात जाता येतं), कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू आणि युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया म्हणजे यूसी, यांच्यात कोणता विषय कशाच्या जागी धरला जातो याची ही अधिकृत नोंद आहे. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. हीच माहिती पैसे घेऊन 'प्लॅन' म्हणून विकणारे सल्लागार आहेत, म्हणून हे आधीच सांगितलेलं बरं.

जीपीए कमी असलेल्यांना हे साधन इतरांपेक्षा जास्त का लागतं, ते एका हिशेबात कळतं. समजा ३० सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे विषयाचं वजन) झाले आणि जीपीए २.० आहे, म्हणजे ६० गुण (एला ४, बीला ३, सीला २, डीला १, एफला ०, गुणिले युनिट). त्यात कॅल्क्युलस आणि केमिस्ट्री प्रत्येकी ४ युनिटचे, दोन्हींत एफ. आता हे दोन विषय सोडून नवे ३० युनिट घेतले आणि त्यांत ३.५ची सरासरी राखली, तरी एकूण १६५ भागिले ६०, म्हणजे २.७५. शिवाय एफचे ८ युनिट मिळालेलेच नसतात, त्यामुळे हातात फक्त ५२. आता दुसरा मार्ग बघा. आधी तेच दोन विषय पुन्हा घेऊन बी मिळवला, तर यूसीच्या हिशेबात जुने एफ गळतात आणि २४ गुण येतात. जीपीए लगेच २.८. त्यानंतर ३.५च्या सरासरीने ३० नवे युनिट केले की ३.१५ होतो आणि ६० युनिटही पूर्ण होतात. नव्या विषयांतली मेहनत दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो पुन्हा घेतलेल्या ८ युनिटमुळे.

पण हा नियम सी किंवा त्यावरच्या ग्रेडला लागू नाही. सी मिळालेला विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तरी यूसी पहिलाच सी धरते. म्हणून पुन्हा घ्यायचे ते फक्त सी मायनस, डी आणि एफचे विषय. कॅलिफोर्नियाची कम्युनिटी कॉलेजं सी मायनस ही ग्रेड देतच नाहीत, त्यामुळे ती ट्रान्स्क्रिप्टवर दिसली तर ती बहुधा चार वर्षांच्या विद्यापीठातली असणार. दुसऱ्या कॉलेजात पुन्हा घेतलेला विषय जुन्याशी तुल्य असावा लागतो, आणि ते सिद्ध करायला असिस्टची नोंद कामी येते. जुना एफ यूसीच्याच एखाद्या कॅम्पसवरचा असेल तर मात्र बाहेर पुन्हा घेऊन तो पुसला जाईल असं गृहीत धरू नका. त्या कॅम्पसकडून लेखी उत्तर घ्या, मगच पैसे भरा.

आता प्रत्यक्ष वापर. पहिल्या पानावर तीन गोष्टी निवडायच्या: शैक्षणिक वर्ष, तुमचं कॉलेज आणि जिथे जायचं ते विद्यापीठ. त्यानंतर मेजरनुसार (पदवीच्या मुख्य विषयानुसार) बघायचं की विभागानुसार, ते ठरवायचं. मेजरनुसारच बघा. समोर दोन रकान्यांचा करार उघडतो. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे त्याच्या जागी चालणारा कम्युनिटी कॉलेजचा विषय. हे दोन रकाने फोनवर वाचू नका. लॅपटॉपवर उघडा आणि पीडीएफ उतरवून ठेवा.

चुका होतात त्या विषयांच्या मधल्या छोट्या शब्दांपाशी. 'ऑर' असेल तिथे दोनांपैकी एक विषय पुरतो. 'अँड' असेल तिथे दोन्ही लागतात, एकच केला तर श्रेय मिळत नाही. क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात, म्हणजे जिथे वर्षाची सत्रं दोनाऐवजी तीन असतात तिथे, हे सगळ्यात जास्त नडतं. डी अँझा कॉलेजात कॅल्क्युलसची मालिका मॅथ वन-ए ते वन-डी अशी चार भागांची आहे, सेमिस्टरच्या कॉलेजात तोच अभ्यासक्रम कमी भागांत उरकतो. अर्धी मालिका इथे आणि अर्धी तिथे केली की करारात ती जोडी कुठेच सापडत नाही. मालिका सुरू केली तिथेच संपवायची, हा नियम डोक्यात पक्का ठेवा. एफ मिळालेला भाग मालिकेच्या मधला असेल तर आणखी जपून: दुसऱ्या कॉलेजातला त्याच नावाचा भाग वेगळ्या धड्यावर संपत असू शकतो.

उजव्या रकान्यात 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' दिसलं की पालक घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की या कॉलेजात त्या तोडीचा विषय नाही. शेजारच्या कॉलेजाचा करार उघडून बघा. दोन-तीन कम्युनिटी कॉलेजांत विषय घेणं मान्य आहे, सगळ्यांचे ट्रान्स्क्रिप्ट द्यावे लागतात इतकंच. इथे असिस्टची एक मोठी गैरसोय आहे. एका वेळी एकच जोडी दिसते. 'हा विषय कुठल्या कुठल्या कॉलेजात मिळेल' असं सरळ विचारायची सोय नाही, त्यामुळे कॉलेजामागून कॉलेज उघडत बसावं लागतं. बे एरियात इतकी कॉलेजं जवळजवळ असताना ही उणीव फार खटकते.

वर्षाची निवडही हलक्याने घेऊ नका. विषय ज्या वर्षी केला त्या वर्षाचा करार बघायचा. चालू वर्षाचा करार अजून आला नसेल तर शेवटचा उपलब्ध करार धरून चालतात, पण नंतर पुन्हा तपासावं लागतं. २०२५च्या फॉलपासून (ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या सत्रापासून) कम्युनिटी कॉलेजांत काही विषयांना राज्यभर एकच क्रमांक आला आहे. इंग्लिश सी-१०००, स्टॅट सी-१०००, सायकॉलॉजी सी-१००० वगैरे. जुन्या ट्रान्स्क्रिप्टवर तोच विषय इंग्लिश वन-ए असा असेल. नव्या वर्षाच्या करारात जुना क्रमांक सापडला नाही म्हणून विषय बाद झाला असं समजून काहीजण तो परत घेतात. सी किंवा वर ग्रेड असेल तर त्या फी आणि वेळेचा काहीच उपयोग होत नाही.

असिस्ट जे सांगत नाही ते जीपीए कमी असणाऱ्याला सगळ्यात आधी हवं असतं: किती जीपीएला घेतात? करारात कधीकधी मेजरची किमान अट लिहिलेली असते, पण प्रवेश मिळालेल्यांचे आकडे नसतात. त्यासाठी यूसीच्या इन्फर्मेशन सेंटरवर 'ट्रान्सफर्स बाय मेजर' हा तक्ता आहे. कॅम्पस आणि मेजर निवडलं की प्रवेश मिळालेल्यांच्या जीपीएची मधली पट्टी आणि प्रवेशाचं प्रमाण दिसतं. असिस्ट आणि हा तक्ता शेजारी-शेजारी उघडूनच मेजर ठरवावं. यूसीची किमान अट कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला २.४ आणि बाहेरच्याला २.८ आहे. ती पूर्ण केली म्हणजे अर्ज वाचला जाईल, एवढंच. कॉम्प्युटर सायन्ससारख्या मेजरला प्रत्यक्षात त्याच्या पुष्कळ वर लागतो.

किमान अटींमध्ये जीपीएसोबत ६० सेमिस्टर युनिट म्हणजे ९० क्वार्टर युनिट येतात, आणि सात विषय: दोन इंग्लिश लेखनाचे, एक गणिताचा, उरलेले चार कला-मानव्य, समाजशास्त्रं आणि विज्ञान या तीन गटांपैकी किमान दोन गटांतून. प्रत्येकात सी किंवा वर. पास-नो पास पद्धतीने, म्हणजे ग्रेडऐवजी फक्त पास किंवा नापास धरून, घेतलेले युनिट १४च्या वर चालत नाहीत, म्हणून जीपीए वाचवायला सगळंच पास-नो पासवर टाकायची युक्ती उपयोगाची नाही.

कॅल-जीईटीसी नावाचा सामान्य शिक्षणाचा ३४ युनिटचा संचही असिस्टवर दिसतो. इंजिनिअरिंग किंवा कॉम्प्युटर सायन्सकडे जाणाऱ्यांनी त्याच्या मागे आधी लागू नये. तिथे मेजरचे पूर्वतयारीचे विषय आणि त्यांतल्या ग्रेड आधी बघितल्या जातात. हा संच पूर्ण करायच्या नादात फिजिक्स मागे ढकललं की अर्ज कमकुवत होतो.

चार वर्षांच्या विद्यापीठातून कम्युनिटी कॉलेजात उतरणाऱ्यांनी आणखी एक आकडा लिहून ठेवावा. यूसीकडून कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याला मिळणारं प्राधान्य हवं असेल तर किमान ३० सेमिस्टर युनिट कम्युनिटी कॉलेजात झालेले हवेत आणि उन्हाळा वगळता शेवटचं कॉलेज तेच असावं. त्यामुळे एखाद्या सत्रापुरतं तिथे जाऊन जमत नाही, साधारण वर्षभराची तयारी ठेवावी. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर, म्हणजे ३० युनिटचे १,३८० डॉलर. बाहेरच्यांसाठी दर कितीतरी पट जास्त आणि कॉलेजागणिक वेगळा.

युनिट वाढवत राहूनही फायदा नाही. कम्युनिटी कॉलेजचे ७०च्या वरचे युनिट यूसी मोजत नाही, विषयाचं श्रेय तेवढं देते. चार वर्षांच्या विद्यापीठातले युनिट त्यात मिसळून बेरीज फार मोठी झाली तर काही कॅम्पस अर्जच घेत नाहीत. जीपीए सुधारायला तीन-तीन वर्षं विषय घेत बसणाऱ्यांचं इथेच चुकतं.

असिस्टच्या जोडीला यूसीचं टॅप, म्हणजे ट्रान्सफर ॲडमिशन प्लॅनर, वापरावं. विषय आणि ग्रेड त्यात भरायच्या, आणि प्रवेशाची हमी देणारा टॅग हा करारही तिथूनच भरतात. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे सहा कॅम्पस टॅग देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत. टॅग एकाच कॅम्पसला भरता येतो, फक्त १ ते ३० सप्टेंबर या काळात, आणि तोवर ३० सेमिस्टर युनिट झालेले असावे लागतात. कॅम्पस आणि मेजरनुसार जीपीएची अट बदलते, दरवर्षीही बदलते, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर भरवसा ठेवू नका. मुख्य अर्ज १ ऑक्टोबरपासून साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत. तेव्हा फॉलच्या ग्रेड हातात नसतात. त्या जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेटमध्ये भरायच्या असतात. जीपीए चढत असलेल्याच्या बाजूने बोलणारा सगळ्यात ताजा पुरावा तोच असतो, तो भरायला विसरू नका.

जीपीए २.० ते २.४च्या मधे अडकला असेल तर यूसीचा हट्ट सोडून सीएसयू बघा. रहिवाशाला किमान २.०, बाहेरच्याला २.४. ६० सेमिस्टर युनिट आणि चार विषय आधी व्हायला हवेत: भाषण, लेखन, तर्कविचार आणि गणित. असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर ही कम्युनिटी कॉलेजची पदवी पूर्ण केली तर सीएसयूमध्ये कुठेतरी जागेची हमी असते. हव्या त्या कॅम्पसची किंवा मेजरची हमी नसते, कारण गर्दीचे कॅम्पस आणि मेजर जास्त जीपीए मागतात. असिस्टवर सीएसयूचे करारही तितक्याच तपशिलात आहेत.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर सत्रात १२ युनिट पूर्ण करावे लागतात आणि त्यात ऑनलाइन विषय एकच मोजला जातो. पुन्हा घ्यायचा विषय फक्त ऑनलाइन मिळत असेल तर आधी हे गणित जुळवा. सेविसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीतली) नोंद नव्या कॉलेजाकडे गेल्याशिवाय जुनं कॉलेज सोडू नका. प्रोबेशनवरून काढून टाकल्याचं पत्र येण्याआधी हे करणं खूप सोपं असतं. आईवडिलांच्या एच-१बीमुळे मिळालेल्या एच-४ व्हिसावर असलेल्यांना कॅलिफोर्नियाचा रहिवासी ठरता येतं, पण २१ वर्षं पूर्ण झाली की एच-४ संपतो. ती तारीख विषयांच्या योजनेत सुरुवातीलाच लिहा.

मुंबई किंवा पुण्याच्या कॉलेजातून एखादं वर्ष करून आलेल्यांना असिस्टवर काहीच सापडणार नाही, तिथे फक्त कॅलिफोर्नियातली कॉलेजं आहेत. भारतातले गुण अर्जात जसेच्या तसे लिहायचे, टक्क्यांचा जीपीए स्वतः करायचा नाही. एटीकेटीचं वर्ष गाळायचंही नाही. कोणत्याही कॉलेजातली नोंद लपवली आणि नंतर सापडली तर मिळालेला प्रवेश रद्द होतो. ॲकॅडमिक रिन्यूअलखाली (जुनी वाईट ग्रेड जीपीएतून वगळण्याची सोय) कम्युनिटी कॉलेजने बाजूला ठेवलेला डी किंवा एफसुद्धा अर्जात दाखवावाच लागतो. यूसी तो जीपीएत धरत नाही, पण खासगी विद्यापीठं धरू शकतात. शिवाय हे रिन्यूअल त्या कॉलेजातल्या स्वतःच्या ग्रेडपुरतंच असतं, आधीच्या विद्यापीठातला एफ त्याने जात नाही.

काउन्सेलरकडे जाताना दोन कॅम्पसचे करार छापून न्या. पुन्हा घ्यायच्या विषयांवर एका रंगाची खूण करा, राहिलेल्यांवर दुसऱ्या. कम्युनिटी कॉलेजात एकच विषय साधारणपणे तीनदाच घेता येतो आणि डब्ल्यू (विथड्रॉ) घेऊन सोडलेलाही त्यात मोजतात, म्हणून आजवरच्या प्रयत्नांचा आकडा खुणेशेजारी लिहा. काउन्सेलरने 'हे चालेल' म्हटलं की ईमेलवर लिहून मागा आणि तो ईमेल त्या वर्षाच्या पीडीएफसोबत जपून ठेवा. पुढे मूल्यमापनात एखादा विषय नाकारला गेला तर दाद मागताना हेच दोन कागद लागतात.