सीझेड 457 वारमिंट .22: नवी रायफल झिरो करताना आणि तपासताना

न्यूझीलंडमध्ये शेतावरचे ससे मारायला पहिली .22 (पॉइंट ट्वेंटी-टू) रायफल घ्यायची असेल, तर सीझेड 457 वारमिंट घ्या. चेक प्रजासत्ताकातल्या उहेर्स्की ब्रोद इथल्या कारखान्याची ही बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागे-पुढे करून काडतूस भरायची) रायफल 2019 मध्ये जुन्या 455 मॉडेलच्या जागी आली. या किमतीच्या आसपास इतकी नेमकी आणि इतकी वर्षं टिकणारी रिमफायर (काडतुसाच्या काठावर पिन मारून पेटवणारी रायफल) क्वचितच मिळते. पण दुकानातून आणली, स्कोप लावला आणि शेतावर निघालो, असं या रायफलचं करू नये. तिच्या नळीला कोणतं काडतूस मानवतं आणि त्या काडतुसावर तिचा खरा पल्ला किती, हे कागदावर कळल्याशिवाय सशावर नेम धरू नये. अर्धवट लागलेला ससा बिळात जाऊन तासन्‌तास तडफडतो.

आधी वस्तूबद्दल. नळी सुमारे 525 मिमी, जाड, थंड घडाईची. नळीतल्या खाचांचा पीळ 16 इंचांत एक फेरा. वजन स्कोपशिवाय सुमारे 3.2 किलो. दस्ता लाकडी, मॅगझिन 5 काडतुसांचं, लोखंडी साइट नाहीत. बोल्ट फक्त 60 अंश उचलावा लागतो, त्यामुळे स्कोप खाली बसवला तरी बोटं आयपीसला घासत नाहीत. सेफ्टी पुढे ढकलली की रायफल झाडायला तयार होते. जुन्या 455 मध्ये हे बरोब्बर उलटं होतं. घरात दोन्ही असतील तर हा फरक अंगवळणी पडेपर्यंत काडतूस न भरता सराव करा.

चाप कारखान्यातून जरा जड येतो. तो साधारण 800 ग्रॅमपासून दीड किलोपर्यंत बदलता येतो. शिकारीसाठी एक किलोच्या आसपास ठेवावा. त्याखाली नेण्यात अर्थ नाही, कारण थंडीत हातमोज्यांतून इतका हलका चाप कळतच नाही. बदल केल्यावर एक तपासणी कधी टाळू नका: रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट जोरात बंद करा, दस्त्याच्या मागच्या टोकावर रबरी हातोडीने ठोका. पिन सुटली तर चाप फार हलका झाला आहे. रिकाम्या रायफलचा चाप सारखा ओढू नका. रिमफायरची पिन काडतुसाच्या काठावर मारते, त्यामुळे रिकाम्या चेंबरमध्ये (नळीतली काडतूस बसायची जागा) तिचा मार नळीच्या कडेवर बसण्याचा धोका असतो. सरावासाठी प्लास्टिकचं नकली काडतूस वापरा.

पहिली गोळी झाडण्याआधी नळी पुसून घ्या. कारखान्याचं गंजरोधक तेल आत राहिलं तर पहिल्या काही गोळ्या कुठेही जातात. बोल्ट काढायला तो मागे घेताना चाप दाबावा लागतो, म्हणून आधी मॅगझिन काढा आणि चेंबर डोळ्यांनी पाहा. सळई चेंबरच्या बाजूने घाला. तोंडाकडून घातली तर नळीच्या शेवटच्या कडेला इजा होते आणि नेमकेपणा त्या कडेवरच अवलंबून असतो. मग दस्ता आणि ॲक्शन जोडणारे दोन्ही स्क्रू टॉर्क पान्याने सुमारे 2.8 न्यूटन-मीटरला आवळा. नळीखालून कागदाचा कपटा सरकवून पाहा. तो अडकला तर लाकूड नळीला टेकतं आहे. कोरड्या दिवशी ठीक असलेली रायफल पावसाळी हवेत भलतीकडे मारू लागते, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

रिसीव्हरवर (बोल्ट बसतो त्या भागावर) 11 मिमीची डोव्हटेल, म्हणजे स्कोपच्या रिंगा पकडणारी खाच आहे. वीव्हर किंवा पिकाटिनी या दुसऱ्या प्रकारच्या पट्ट्यांच्या रिंगा थेट बसत नाहीत. 11 मिमीसाठीच बनवलेल्या रिंगा घ्या, तळाचे स्क्रू घट्ट करा आणि वरचे दोन न्यूटन-मीटरच्या आसपास ठेवा. जास्त आवळले तर स्कोपची नळी चेपते. स्कोप रिमफायरसाठीचा घ्या. मोठ्या रायफलींच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स बहुतेक 100 यार्ड किंवा त्यापुढे जुळवलेला असतो. 50 मीटरवर डोळा किंचित हलला तरी क्रॉसहेअर लक्ष्यावर सरकते आणि दोष मात्र रायफलला दिला जातो.

सायलेन्सर लावणार असाल तर, आणि न्यूझीलंडमध्ये .22 वर तो बहुतेक जण लावतात, आटे जुळतात का ते आधी पाहा. इथल्या आणि युरोपातल्या .22 नळ्यांवर सहसा अर्धा इंच व्यासाचे, इंचाला 20 आटे असतात, अमेरिकेसाठीच्या नळ्यांवर इंचाला 28. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि जबरदस्तीने फिरवले तर आटे मरतात. सायलेन्सर लावल्यावर गोळी पडण्याची जागा बदलते, म्हणून झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी पडण्याची जागा ठरावीक अंतरावर जुळवणं) तो लावूनच करा आणि दर दहाबारा गोळ्यांनी तो सैल झाला नाही ना ते हाताने पाहा. ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांच्या भोकांचा पुंजका) अचानक फाकला की पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

झिरोची सुरुवात 25 मीटरवर करा. बोल्ट काढून रायफल वाळूच्या पिशव्यांवर स्थिर ठेवा, नळीतून लक्ष्य मध्यभागी दिसेल अशी टेकवा आणि रायफल न हलवता क्रॉसहेअर त्याच बिंदूवर आणा. एवढ्याने पहिली गोळी कागदावर पडते. पुढची पिशवी दस्त्याखाली हवी, नळीखाली कधीच नको. तीन गोळ्या झाडा, त्यांच्या मध्यावरून दुरुस्ती करा आणि 50 मीटरवर जा. पाव मिनिटाच्या (कोनाच्या मिनिटाचा चौथा भाग) क्लिकचा स्कोप असेल तर एक क्लिक 50 मीटरवर सुमारे 3.6 मिमी सरकवते, 0.1 मिलचा (मिल म्हणजे अंतराचा हजारावा भाग) असेल तर 5 मिमी. समजा ग्रुपचा मध्य 3 सेंमी खाली आणि 2 सेंमी उजवीकडे आहे. पाव मिनिटाच्या स्कोपवर आठ क्लिक वर आणि पाच-सहा क्लिक डावीकडे. एका गोळीवरून कधी क्लिक फिरवू नका. एका सुट्या गोळीमागे धावत राहिलात तर अख्खी पेटी संपते आणि झिरो होत नाही.

स्कोपवर विश्वास ठेवण्याआधी चौकोन मारून पाहा: 20 क्लिक वर, 20 उजवीकडे, 20 खाली, 20 डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यात तीन गोळ्या. 50 मीटरवर प्रत्येक बाजू सुमारे 7.3 सेंमी यायला हवी आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावरच पडायला हवा. स्वस्त स्कोप इथे उघडे पडतात.

आता काडतुसांची गोष्ट. या रायफलची परीक्षा खरी इथेच होते. .22 चं काडतूस घरी भरता येत नाही; कारखान्यातून येईल ते घ्यायचं, आणि एकाच ब्रँडचे दोन लॉट (एका वेळी बनवलेले साठे) एकाच नळीत वेगळे वागतात. 50 मीटर रायफलचे खेळाडू म्हणूनच लॉट तपासून घेतात. बर्मिंगहॅमला एली आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ या काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात रायफल नेऊन लॉट निवडता येतो. तेजस्विनी सावंत 2010 मध्ये म्यूनिकला 50 मीटर प्रोनची (पालथं झोपून नेम) जगज्जेती झाली आणि कोल्हापूरच्याच स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून) कांस्य मिळवलं, ते याच .22 लाँग रायफल काडतुसावर. त्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं असतं. शिकाऱ्याला तितकं नेमकं नको, पण पद्धत तीच उचलावी.

चार-पाच प्रकारांची एकेक पेटी घ्या. त्यांत शिकारीची दोन-तीन सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू) हॉलोपॉइंट (टोकाला पोकळ गोळीची) हवीतच आणि तुलनेसाठी एसके स्टँडर्ड प्लससारखं लक्ष्यभेदाचं एक. प्रकार बदलला की आधी दहा-पंधरा गोळ्या मोकळ्या झाडा. प्रत्येक काडतुसावरचं मेण वेगळं असतं आणि नळीत नवा थर बसेपर्यंत येणारे ग्रुप खोटे असतात. मग 50 मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे पाच ग्रुप मारा आणि पाचांची सरासरी धरा. तीन गोळ्या एका भोकातून गेलेला कागद खिशात घालून फिरणारे पुष्कळ भेटतात. त्या कागदाने काहीच सिद्ध होत नाही. नीट बसवलेल्या 457 ने लक्ष्यभेदाच्या काडतुसावर 15 मिमीच्या आसपास आणि मानवलेल्या सबसॉनिक हॉलोपॉइंटवर 20 ते 25 मिमी द्यावेत. सगळ्याच प्रकारांवर 40 मिमीच्या वर जात असेल तर रिंगा, ॲक्शनचे स्क्रू आणि सायलेन्सर पुन्हा पाहा. नळीला दोष देण्याची वेळ फार क्वचित येते.

ग्रुप आडवा लांबला तर वारा किंवा चाप, उभा लांबला तर बहुधा काडतुसांच्या वेगातला फरक. सेकंदाला 10 मीटरचा फरक 50 मीटरवर जेमतेम 7-8 मिमी दाखवतो, 100 मीटरवर तोच जवळपास 3 सेंमी होतो.

जलद काडतुसांचा मोह टाळा. सेकंदाला 375 मीटर वेगाने निघालेली गोळी पुढे ध्वनीच्या वेगाखाली येते, सायलेन्सर असूनही कडाड असा आवाज करते आणि आडव्या वाऱ्यात सबसॉनिकपेक्षा जास्त सरकते. थंडीचंही ध्यानात घ्या. 20 अंशांना ध्वनीचा वेग 343 मीटर असतो, शून्याला 331. डब्यावर 326 लिहिलेलं स्टँडर्ड काडतूस दक्षिण न्यूझीलंडमधल्या ओटॅगोच्या हिमाळ रात्री मधूनच कडाडतं ते यामुळे. 320 च्या खालचं सबसॉनिक तेव्हा गप्प राहतं.

40 ग्रेनची (सुमारे 2.6 ग्रॅम) गोळी, वेग सेकंदाला 326 मीटर, स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापासून 4 सेंमी वर आणि झिरो 50 मीटर, असं धरलं तर गोळी 10 मीटरवर सव्वा सेंमी खाली, 25 वर एक सेंमी वर, 60 वर दोन सेंमी खाली, 75 वर आठ आणि 100 वर 22-23 सेंमी खाली पडते. हे आकडे अंदाजाचे आहेत. आपले आपण कागदावर मारून घ्या आणि दस्त्यावर चिकटवा. 10 मीटरचं अंतर दुर्लक्षू नका. जवळच्या सशाच्या डोक्यावरचा नेम खाली जबड्यात लागतो तो याच सव्वा सेंमीमुळे.

सेकंदाला साडेचार मीटरचा आडवा वारा गोळीला 50 मीटरवर अडीच सेंमी आणि 100 मीटरवर सुमारे 10 सेंमी ढकलतो. सशाच्या मेंदूचा भाग जेमतेम 3-4 सेंमीचा. ग्रुप 25 मिमीचा असताना त्यात हा वारा मिसळला की 60 मीटरपुढची गोळी नशिबावर जाते. या रायफलचा शिकारीचा पल्ला वारा नसेल तर 70 मीटर, वारा असेल तर 50, असाच धरावा. 100 मीटर कागदासाठी ठेवा.

काडतूस पेटलं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, मग बोल्ट उघडा. रिमफायरच्या काठात स्फोटक कधी असमान पसरलेलं असतं. असं काडतूस बाजूला काढा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी भरण्याआधी बोल्ट काढून नळीतून पलीकडे दिसतं का पाहा. ही छोटी गोळी दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि दगडावरून किंवा पाण्यावरून हमखास उसळते, त्यामुळे मागे मातीचा उतार असल्याशिवाय झाडू नये. रायफल आणि काडतुसं दोन्हींसाठी न्यूझीलंडचा परवाना लागतो, 2023 पासून रायफलची नोंद रजिस्ट्रीतही करावी लागते, आणि शेतमालकाची परवानगी प्रत्येक वेळी घ्यावी. संवर्धन खात्याच्या जमिनीवर रात्री स्पॉटलाइट लावून शिकार चालत नाही. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंदच आहे, तिथे .22 ची जागा रेंजवर.

तक्रारी थोड्या आहेत. प्लास्टिकचं मॅगझिन इतक्या चांगल्या ॲक्शनला शोभत नाही. 10 काडतुसांचं एक जादा घ्या. दिवसभर डोंगर चढणाऱ्याला जाड नळी जड होते, त्याने याच ॲक्शनची बारीक नळीची ‘अमेरिकन’ आवृत्ती पाहावी. नळी दोन ग्रब स्क्रूंवर बसते आणि .17 एचएमआर या आणखी बारीक, वेगवान काडतुसाची नळी पुढे कधीही लावता येते, ही मात्र मोठी सोय आहे. तेव्हा झिरो पहिल्यापासून करावा लागेल. आणि मानवलेलं सबसॉनिक सापडलं की डब्यावरचा लॉट नंबर टिपून त्याच दिवशी दुकानात जा, त्याच लॉटची 500 काडतुसं तरी उचला. पुढचा लॉट आला की 50 मीटरवरचे पाच ग्रुप पुन्हा मारा.