डोळे मिटणारी बाहुली घेताना: वजन, खटका, दोरी की मोटर?

डोळे मिटणारी बाहुली घ्यायची म्हटलं की आपण चेहरा बघतो, केस बघतो, फ्रॉक बघतो आणि शेवटी तिला एकदा आडवी करून बघतो. मिटले डोळे, झालं. पण हे मिटणं चार-पाच निरनिराळ्या तऱ्हांनी घडवलेलं असतं आणि प्रत्येक तऱ्हेचं दुखणं वेगळं. माझं मत आधीच सांगून टाकते: चेहऱ्याच्या आधी डोकं कुठून आणि कसं उघडतं ते बघा. डोळ्यांची यंत्रणा आज ना उद्या अडकणारच. तेव्हा तिथवर बोट पोचलं तर बाहुली वाचते, नाहीतर ती एका डोळ्याने झोपते आणि दुसऱ्याने टक लावून बसते.

वजनाचे डोळे

सर्वांत जास्त चाललेली तऱ्हा हीच. दोन्ही डोळे एकाच तारेच्या सांगाड्यावर बसवलेले, तारेची टोकं कानशिलांच्या आतल्या बाजूला प्लॅस्टरने अडकवलेली, आणि मधून खाली लोंबणारा शिशाचा गोळा. बाहुली आडवी केली की डोळे फिरले असं आपल्याला वाटतं. खरं तर डोळे जवळपास आहेत तिथेच राहतात, कारण शिसं जमिनीकडेच ओढ घेतं. फिरतं ते डोकं. उभेपणी बुबुळं समोर आणि पापणीचा भाग वर, कपाळाच्या आत लपलेला असतो. डोकं मागे झुकलं की तोच भाग खाचेसमोर येतो आणि बुबुळं गालांच्या मागे जातात. बॅटरी नाही, स्प्रिंग नाही, झिजण्यासारखं काही नाही. म्हणून शंभर वर्षांपूर्वीच्या बाहुल्या अजून डोळे मिटतात.

हे काम नावारूपाला आणलं जर्मनीतल्या थुरिंगियाने. काचेचे डोळे लाउशा गावात फुंकले जायचे. तिथल्याच कारागिरांनी माणसांसाठीही कृत्रिम डोळे बनवले, त्यामुळे बुबुळातल्या रेषा बघत राहाव्यात अशा असतात. चिनी मातीची बिनचकाकीची डोकी सायमन अँड हाल्बिग, आर्मांड मार्सेय अशा कारखान्यांतून यायची. या डोक्यांचा माथा कापलेला असतो. टोप काढला, खालची पुठ्ठ्याची टोपी उचलली की सगळी यंत्रणा समोर. दुरुस्तीसाठी याहून सोयीचं डोकं नंतर कोणी बनवलं नाही.

आत टॉर्च मारून बघितलं तर हनुवटीच्या मागे बुचाचा किंवा प्लॅस्टरचा एक छोटा तुकडा चिकटवलेला दिसेल. बाहुली उभी केल्यावर वजन येऊन टेकतं ते यावर. हा तुकडा गळून पडला की वजन जास्त पुढे जातं आणि बाहुलीची नजर नको तेवढी वर चढते. विकणारा म्हणतो, 'डोळे जरा वर आहेत, पण चालतात.' चालतात हे खरं, पण तुकडा नसेल तर शिसं आतून थेट चेहऱ्यावर आपटतं आणि चिनी मातीला तडा जायला तेवढं पुरतं. जुनी बाहुली कुरिअरने मागवायची असेल तर विकणाऱ्याला सांगा: टोप काढून वजनाभोवती मऊ कागद भरायचा, म्हणजे ते हलणार नाही, आणि बाहुली पालथी ठेवून बांधायची. प्लॅस्टर सुटलंच तर डोळे निदान आपापल्या खाचेत पडून राहतील. उताणी ठेवली तर ते डोक्यात कोसळून फुटतात.

यातल्या बऱ्याच बाहुल्यांची पापणी म्हणजे काचेवर दिलेला रंगीत मेणाचा पातळ थर. आपल्याकडच्या मे महिन्यात अशी बाहुली उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवायची नाही, हे वेगळं सांगायला नको. आणि शिसं ते शिसं. लहान मुलाच्या हातात ही बाहुली द्यायची नाही, मग ती आजीची असो की लिलावातली.

डोळे मिटता मिटता बाजूलाही बघणारे, नखरेल डोळे याच घराण्यातले. केमर अँड राइनहार्ट या जर्मन कंपनीच्या बाहुल्यांत ते बघायला मिळतात. बघायला फार गोड, पण हलणारे भाग दुप्पट आणि कटकटही दुप्पट. पहिलीच जुनी बाहुली घेत असाल तर यांच्या वाटेला जाऊ नका.

प्लॅस्टिक आलं, गंजही आला

टणक प्लॅस्टिकच्या बाहुल्यांत तत्त्व तेच राहिलं, पण काचेच्या जागी पत्र्याचे किंवा प्लॅस्टिकचे डोळे आले आणि शिशाच्या जागी बरेचदा लोखंड. इथे शत्रू एकच, पाणी. पोरीने बाहुलीला न्हाऊ घातलं की डोळ्याच्या फटीतून पाणी आत जातं, सांधा गंजतो, आणि पावसाळा संपेपर्यंत डोळा अर्धवट उघडा राहतो. त्यात हे डोकं बहुधा दोन अर्धुकं चिकटवून बनवलेलं, म्हणजे आत जायला वाटच नाही. लोक फटीतून शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब सोडतात. कधी डोळा सुटतो, कधी तेल बुबुळाच्या मागे पसरून डाग पडतो. ज्या बाहुलीवर जीव आहे तिच्यावर मी हा प्रयोग करणार नाही.

त्याहून बरी सोय मऊ प्लॅस्टिकच्या, म्हणजे व्हिनाइलच्या डोक्यांत. यात प्रत्येक डोळा स्वतःच्या छोट्या डबीत बंद असतो. वजन आत, आस आत, पापणीचे केस वरच्या फटीत खोचलेले. डबी चेहऱ्यातल्या खोबणीत नुसती दाबून बसवलेली असते. डोकं धडापासून काढायचं, केस वाळवायच्या यंत्राने चेहरा थोडा गरम करायचा, प्लॅस्टिक नरम पडलं की अंगठ्याने दाबून डोळा बाहेर. नवा घालायचा तसाच, फक्त मिलिमीटरमधलं माप नीट जुळलं पाहिजे. दोन डोळे वेगवेगळ्या डब्यांत असल्यामुळे कधी एक आधी मिटतो आणि दुसरा मागून. हा दोष म्हणायचा तर म्हणा, मुलांना तेच जास्त आवडतं.

खटक्याचे डोळे

वजनाआधी तार होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या मेणाच्या बाहुल्यांत डोळ्यांना बांधलेली तार धडातून खाली बाहेर यायची. ती ओढली की डोळे उघडायचे, ढकलली की मिटायचे. पुढे पॅरिसच्या ज्यूल स्टाइनरने 1880 च्या दशकात खटका कानामागे आणला. झ्युमोच्या कारखान्याने त्याच दशकात निराळीच वाट काढली: डोळा जागचा हलतच नाही, त्यावर पापणी खाली येते. माणसाच्या डोळ्याच्या सर्वांत जवळ जाणारी यंत्रणा हीच. तरी ती फार चालली नाही, कारण पापणी आणि डोळा यांच्यामधली फट सगळीकडे सारखी राखणं महाकर्मकठीण.

खटक्याचा फायदा म्हणजे डोळे तुमच्या मर्जीवर चालतात. बाहुली उभी असतानाही झोपू शकते, आडवी असतानाही टक्क जागी राहते. म्हणून बोलक्या बाहुल्यांच्या खेळात, अर्धवटरावाच्या गोतावळ्यात, वजनाचे डोळे निरुपयोगी. तिथे डोक्याच्या दांड्यावर खटका हवा, बोटाखाली, संवादाच्या बरोबर वेळेवर. कपाटात ठेवायच्या बाहुलीला मात्र खटका कशाला? तार वाकते, येणारा-जाणारा प्रत्येक पाहुणा ती ओढून बघतो, आणि ओढण्याच्या जोराला काही धरबंध नसतो.

दोरीचे डोळे, म्हणजे ब्लाइथ

1972 साली अमेरिकेत केनर कंपनीने ब्लाइथ काढली. मोठं डोकं, बारीक अंग, आणि डोक्याच्या मागे लोंबणारी दोरी. दोरी ओढली की डोळे मिटतात आणि उघडतात ते वेगळ्या रंगाचे. असे चार रंग, काहींत नजर समोर, काहींत बाजूला. तेव्हा ही बाहुली चालली नाही. तिचे बटबटीत डोळे मुलांना भीतिदायक वाटले असं सांगतात आणि वर्षभरात ती बंद झाली. 2001 पासून जपानच्या ताकाराने ती पुन्हा आणली आणि या वेळी घेणारी मुलं नव्हती, मोठी माणसं होती.

हिच्या डोक्यात जे आहे ते बाकी सगळ्यांपेक्षा गुंतागुंतीचं. डोळे आडव्या आसावर बसवलेले, मागे स्प्रिंगा, आणि प्रत्येक ओढीला एक घर पुढे सरकणारा खटका. तो 'खट्' आवाज कानाला इतका बरा वाटतो की माणूस उगाच ओढत बसतो. बाहुलीला आडवी करून काही होत नाही, गुरुत्वाकर्षणाशी हिचं देणंघेणं नाही. मूळ रचनेत ती मिटलेल्या डोळ्यांनी राहूही शकत नाही. दोरी सोडली की डोळे उघडणार. म्हणून हौशी लोक डोकं उघडून स्प्रिंग काढतात किंवा सैल करतात आणि दुसरी दोरी ओवतात, म्हणजे डोळे अर्धे मिटलेले ठेवता येतात. फोटो काढणाऱ्यांना हाच बदल हवा असतो. विकत घेताना दोन दोऱ्या दिसल्या तर डोकं आधी कोणीतरी उघडलंय हे समजा. उघडलेलं असणं वाईट नाही. नीट बंद केलंय का, ते कानाजवळचा सांधा बघून ठरवा.

डोकं स्क्रूंवर बंद होतं, हे हिचं मोठं सुख. बुबुळांच्या रंगीत चकत्याही काढून बदलता येतात. नकली बाहुल्या स्वस्तात भरपूर मिळतात आणि प्रयोगाला त्या चांगल्या. पण त्यांची यंत्रणा चिवट किंवा सैल कशीही निघते, तेव्हा मागवण्याआधी दोरी ओढतानाचा व्हिडिओ मागा आणि चारही रंग दिसेपर्यंत तो बघा.

मोटर

हौशी मंडळी आता 9 ग्रॅमची छोटी सर्वो मोटर आणि एखादा कंट्रोलर बोर्ड घालून डोळे मिटवतात. 5 व्होल्टवर चालते, हवा तेवढा वेग आणि हवा तेवढा कोन देता येतो. पण शांत खोलीत तिची घरघर ऐकू येते आणि बाहुलीने डोळे मिटले की आपले लक्ष आवाजाकडेच जातं. स्वतः बनवणार असाल तर मजा आहे. तयार विकत घ्यायची असेल तर, बॅटरीचा कप्पा गळका निघाला की पुढचं सगळं संपतं, एवढं लक्षात ठेवा.

मग घ्यायची कोणती?

लहान मुलासाठी असेल तर व्हिनाइलचं डोकं आणि डबीतले वजनाचे डोळे, दुसरा विचार नको. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा शिक्का सक्तीचा आहे, तो खोक्यावर बघा. जत्रेतल्या बाहुल्यांवर तो बहुधा नसतो. आणि डोळ्याच्या कडेला नख घालून बघा: डोळा नखाने हलत असेल तर तीन वर्षांखालच्या पोराच्या घरात ती बाहुली नको, डोळा निघाला की तोंडातच जाणार.

संग्रहासाठी पहिली बाहुली घेत असाल तर साधी जर्मन, काचेच्या डोळ्यांची, कापलेल्या माथ्याची. फोटोंसाठी ब्लाइथ. खेळ करायचा असेल तर खटका, तोही माणसाच्या हाताच्या मापाचा. टणक प्लॅस्टिकची चिकटवलेली बाहुली मी फक्त एकाच कारणासाठी घेईन, ती घरातली असेल तर.

दुकानात बघताना एक छोटी कसोटी. बाहुली उभी धरा, मग अगदी सावकाश मागे झुकवा. चांगले वजनाचे डोळे झुकण्याबरोबर हळूहळू मिटत जातात. अर्ध्या वाटेवर अडून एकदम 'टक्' करून मिटले तर आत काहीतरी घासतंय. पुन्हा उभी केल्यावर दोन्ही बुबुळांच्या वरच्या कडा एका रेषेत आल्या का ते बघा, आणि मग कानाजवळ धरून हलवा. वजनाचा एकच ठोका ऐकू यायला हवा. बारीक खुळखुळ आली तर सुटलेलं प्लॅस्टर आहे, किंमत कमी करून मागा.