एपस्टीनच्या वकिलांची सेवा: कोर्टात अव्वल, वर्तमानपत्रात नापास

आधी मुख्य माल. अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन. सप्टेंबर २००७ मध्ये त्याच्या वकिलांनी दक्षिण फ्लोरिडाच्या केंद्रीय सरकारी वकिलांशी केलेला करार अशिलाच्या नजरेने पाहिला तर पैसे वसूल. ५३ पानी आरोपपत्राचा मसुदा तयार असताना केंद्रीय खटला टळला. ३० जून २००८ ला राज्याच्या कोर्टात वेश्याव्यवसायाशी संबंधित दोन कलमांखाली कबुली, त्यातलं एक अल्पवयीन मुलीबाबतचं. शिक्षा १८ महिने, भोगली सुमारे १३. त्यातही आठवड्याचे सहा दिवस, रोज १२ तासांपर्यंत कामासाठी बाहेर! लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद मात्र चुकवता आली नाही. शिवाय चार साथीदारांना नावानिशी अभय, आणि ‘इतर संभाव्य साथीदारां’ना बिननावाचं.

करार झाल्यावरही सरकारी कार्यालयाकडून पीडित मुलींना तपास चालू असल्याची पत्रं जात होती. २१ फेब्रुवारी २०१९ ला न्यायाधीश केनेथ मारा यांनी हा २००४ च्या पीडित-हक्क कायद्याचा भंग ठरवला.

आता जोडसेवा. मार्च २०१९ मध्ये केनेथ स्टार यांच्यासह एपस्टीनच्या चौघा वकिलांनी न्यूयॉर्क टाइम्सला पत्र लिहून कराराची पाठराखण केली. सूर असा: प्रकरण मुळात स्थानिक, मुलींचा आकडा फुगवलेला, केंद्रीय गुन्ह्याचा पुरावा तोकडा. बोंब होती मुलींना अंधारात ठेवल्याची. उत्तर आलं गुन्हा किती लहान होता याचं. आणि पुरावा इतका तोकडा होता, तर बिननावाच्या साथीदारांना अभय कशाला मागितलं? पत्र वाचताच हा प्रश्न डोक्यात येतो.

खरं तर ‘कळवण्याची कायदेशीर जबाबदारी सरकारची, आमची नव्हे’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. पण तेही धड उभं राहिलं नसतं. मुलींना कळवू नये म्हणून बचाव पक्ष कसा अडून बसला होता, त्याचा पत्रव्यवहार मारांच्या निकालातच आहे. असं पत्र छापायला देण्याआधी कोर्टाच्या दप्तरात आपल्याच बाजूची कोणती कागदपत्रं आहेत, हे तपासायचं असतं. तिथेच ही सेवा ढिली पडली.

मूळ मालाची वॉरंटीही अपुरी निघाली. जुलै २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रीय सरकारी वकिलांनी ठेवलेल्या आरोपांवरून एपस्टीनला अटक झाली. पुढे एपस्टीनची साथीदार म्हणून दोषी ठरलेल्या गिलेन मॅक्सवेलने करारातल्या साथीदारांच्या कलमाचा आधार घेतला, तर २०२४ मध्ये तिथल्या केंद्रीय अपील कोर्टाने सांगितलं की करार फ्लोरिडातल्या त्या एका कार्यालयापुरताच बांधील आहे.