द्राक्षं दुबईला की युरोपला?

निर्यातीत नव्याने उतरणारे बागायतदार हंगामाआधी हेच विचारतात. मी दोन्हीकडे माल दिला आहे, तेव्हा अनुभवाचं सांगतो.

दुबई सोपी, यात वाद नाही. न्हावाशेवाहून जेबेल अलीला कंटेनर साधारण आठवड्यात लागतो, पैसा लवकर फिरतो, मणी थोडा लहानमोठा असला तरी खपतो. युरोपसाठी ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन नोंद) प्लॉटची नोंदणी, फवारणीची नोंद आणि काढणीआधी लॅबची माणसं येऊन नेतात ते सॅम्पल, एवढं सगळं आलं. 2010 साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाच्या मण्यात उरलेल्या अंशावरून तिकडे आपले कंटेनर अडकले. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम! त्याचा धसका आमच्या भागात अजून आहे. शिवाय अंतर. 2024 च्या हंगामात तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. एवढे दिवस देठ हिरवा ठेवायचा तर पहाटेची काढणी आणि लगेच प्रीकूलिंग, म्हणजे माल भरण्याआधी थंड करणं, यात जराही ढिलाई चालत नाही.

तरी मी युरोपकडे वळलो, ते क्लेममुळे, म्हणजे माल खराब निघाला म्हणून खरेदीदार पैसे कापतो त्यामुळे.

आखातात माझा बराचसा माल विक्रीवर जायचा, म्हणजे भाव माल पोहोचल्यावर ठरणार. मग एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचा: एक उघडा पनेट (द्राक्षांचा छोटा प्लास्टिकचा डबा), चार-पाच नरम मणी, खाली एक ओळ, ‘माल हलका निघाला, रेट कमी करावा लागेल.’ बॉक्सवरचा कोड फोटोत कुठेच नाही. हा पनेट माझाच कशावरून? माझाच असेल तर कुठल्या प्लॉटचा? विचारलं की उत्तर यायचं, मार्केट डाऊन आहे. तेवढ्यासाठी वर्षभराची मेहनत पणाला लावणं मला जमेना.

युरोपातही क्लेम येतात, कधी मोठे येतात. पण माझ्या खरेदीदाराकडून रिपोर्ट येतो तो पॅलेट नंबरासकट: मण्याचा आकार, ब्रिक्स म्हणजे गोडी, मण्यांची गळ किती, कूज किती. त्यावरून एकदा लक्षात आलं की गळ सगळी पाटाकडच्या एकाच प्लॉटची आहे. पुढच्या छाटणीपासून तिथली काडी विरळ ठेवली, पाण्याचं वेळापत्रक बदललं, आणि गळ कमी झाली.

दुबईत चोख व्यापारी आहेत, काहींना वर्षानुवर्षं तिथेच चांगले पैसे मिळतात. आगाऊ रक्कम देणारा खात्रीचा माणूस असेल, किंवा शेजारच्या बागेतली फवारणी तुमच्यावर उडत असेल, तर युरोपच्या फंदात पडू नका. नाहीतर मी म्हणेन, एक प्लॉट तरी नोंदवाच. नोंदणी प्लॉटवार असते, बाकीची बाग आखाताला किंवा लोकल मार्केटला देता येते. फक्त त्या प्लॉटची फवारणीची वही छाटणीच्या दिवसापासून लिहा. सॅम्पलच्या वेळी आठवून लिहिलेली वही लगेच ओळखू येते.